कंपनीचा फोन चालू होता

प्रेस शॉपमध्ये कानात घालायचे प्लग आम्ही गळ्यात घालायचो. नारिंगी रंगाचे, निळ्या दोरीत ओवलेले. सेफ्टी ऑफिसर दारातून आत येताना दिसला की पटकन कानात, तो वळला की परत गळ्यात. बायकांचं मंगळसूत्र आणि आपला प्लग, दोन्ही गळ्यातच शोभतात, अशी शॉपमध्ये थट्टा चालायची. त्या थट्टेला सगळ्यात मोठ्याने हसणारा मी असायचो, आणि शॉपचा सुपरवायझरही मीच होतो.

प्लग न घालण्यामागे आमचं एक कारण होतं, आणि तेव्हा ते मला फार थोर वाटायचं. प्रेस बोलते, असं आम्ही म्हणायचो. वरचा डाय, म्हणजे धारेचा साचा, खाली येतो, पत्रा कापला जातो, त्या दणक्याच्या पोटात एक बारीक आवाज असतो. डायची धार जायला लागली की तो बदलतो. नव्या माणसाला हा फरक कळायला पाच-सात वर्षं लागतात. मला तो शॉपच्या दुसऱ्या टोकाला चहा पिताना कळायचा. कप खाली ठेवून मी म्हणायचो, "चार नंबर थांबवा," आणि डाय उघडून बघावा तर धारेचा टवका उडालेला असायचाच. साहेब लोक पाहुण्यांना शॉप दाखवायला आणत तेव्हा माझ्याकडे हात करून सांगत, "यांच्या कानावर आमचं शॉप चालतं." कानात बोळे घालून असं कौतुक कोण गमावणार?

कामाचं हे वेड मी कुठून आणलं ते मला नीट ठाऊक आहे. माझे वडील बदली कामगार होते. बेडशातून सायकलने कामशेत, तिथून पहिल्या गाडीने चिंचवड, आणि मग एका कारखान्याच्या गेटबाहेर उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. सगळे हजर असले तर भरलेला डबा घेऊन परत घरी. सकाळी दहाच्या सुमाराला वडील बांधावरून येताना दिसले की आम्हा भावंडांना आनंद व्हायचा, कारण डब्यातली भाकरी आणि वाटाण्याची उसळ आम्हाला मिळायची. ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं आणि पर्मनंट न होताच थकले. मला कंपनीत पर्मनंट केलं त्या दिवशी ते आपण होऊन सोमाटण्याला आले आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला गेटबाहेर उभे राहिले. आत यायचं का, वॉचमनला सांगतो, असं मी म्हटलं तर नको म्हणाले. चहाच्या टपरीवर बसल्यावर एवढंच बोलले, "पोरा, जागा सोडू नगंस. आपुन एक दिस न्हाई गेलो, तर गेटावर कुनीतरी उभाच असतोय."

हे बोलणं मी फारच मनावर घेतलं. लग्नाच्या चौथ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला हजर. मुलगा झाल्याची बातमी शॉपच्या फोनवर कळली, तर शिफ्ट संपवून दवाखान्यात गेलो. वडील गेले तेव्हा जलदान विधी उरकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर उभा राहिलो. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. मला मात्र त्यात वडिलांचा मान राखल्यासारखं वाटलं. बायको पहिली काही वर्षं भांडली. मग तिने अंगणवाडीत नोकरी धरली, आणि मी घरात नाही असं समजूनच घर चालवायला लागली.

आता कानांच्या तपासणीचं सांगतो. वर्षातून एकदा तपासणीची गाडी कंपनीत यायची. त्या गाडीत काचेच्या खिडकीची एक बंद खोली असते. आत बसायचं, हेडफोन घालायचे, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर बसलेला माणूस मशिनवरून बारीकमोठे आवाज सोडतो. त्यात जो नापास होतो त्याला प्रेस शॉपमधून काढून पॅकिंगला किंवा स्टोअरला टाकतात. पगार तोच राहतो, पण आमच्यात पॅकिंगला गेलेल्या माणसाकडे लोक रिटायर झाल्यासारखं बघतात.

यावर आमच्या जुन्या लोकांनी तोड काढलेली होती. मशिनवरच्या माणसाचं कोपर बघायचं. तो आवाज सोडतो तेव्हा त्याचं कोपर जरासं हलतं. कोपर हललं की बटण दाबायचं. मला हे माझ्या आधीच्या सुपरवायझरने शिकवलं आणि मी पुढे निदान वीस जणांना शिकवलं. डायला तेल कसं द्यायचं हे शिकवावं इतक्या सहज शिकवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझे कान जायला लागले ते आधी घरात कळलं. कुकरच्या शिट्ट्या माझ्यासाठी बंद झाल्या. दाराची बेल गेली. मग बायको स्वयंपाकघरातून बोलायची ते हॉलमध्ये येईनासं झालं. मी पंख्याला दोष दिला, टीव्हीला दिला, तिच्या हळू बोलण्याला दिला. प्रेसचा दणका मात्र ऐकू यायचा, त्यामुळे शॉपमध्ये आपलं काही बिघडलेलं नाही अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. एक दिवस दोन नंबरचा डाय माझ्यासमोर फुटला. मी दहा पावलांवर उभा होतो आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी पत्र्याच्या मालावर खापर फोडलं. सगळ्यांनी ते मान्यही केलं, कारण माझा कान चुकणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर मी तळहाताने ऐकायला लागलो. प्रेसच्या अंगावर हात ठेवला की थरथर कळते, आणि डाय खराब असेल तर ती वेगळी लागते. मी हात ठेवायचो आणि मान वाकडी करून कान दिल्याचं नाटक करायचो. लोक आदराने गप्प उभे राहायचे. रंगलेला तमाशाच होता तो, आणि त्यात मी पार बुडालो होतो.

तो रविवार सुटीचा होता. सकाळची वेळ. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. मी हॉलमध्ये खुर्चीत बसून मोबाइलवर आदल्या शिफ्टचा रिपोर्ट वाचत होतो. सुटीच्या दिवशी रिपोर्ट वाचायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं. बायको बाथरूम घासायला गेली होती. हातातला फोन थरथरला. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंचा होता. कानाला घट्ट दाबून धरला तेव्हा कळलं, त्या म्हणत होत्या, "भाऊ, वहिनी केवढ्या हाका मारतायत. डक्टमधून वरपर्यंत आवाज येतोय. मी दारात उभी आहे, बेल वाजवतेय. तुम्ही घरात नाही का?"

बाथरूम माझ्या खुर्चीपासून बारा पावलांवर आहे. ती साबणाच्या पाण्यात आडवी पडली होती. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, बादली कलंडलेली, ओठ पांढरे पडलेले. आवाज बसला होता. ती अर्धा तास हाका मारत होती.

दार उघडून ताईंना आत घेतलं. दोघांनी मिळून तिला चादरीवर सरकवलं. तेव्हा ताईंनी सरळ विचारलं, "तुम्ही हॉलमध्येच होता?"

मी म्हणालो, "कंपनीचा फोन चालू होता."

असं कसं तोंडातून निघालं याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. एका बाजूला बहिरा माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला कामात गढलेला माणूस. बायको अर्धा तास ओल्या फरशीवर विव्हळत असताना फोनवर बोलत बसलेला नवरा होणं मला बहिरा होण्यापेक्षा बरं वाटलं. इतकी माझी अक्कल गहाण पडली होती. ताईंचा फोन मला पहिल्याच झटक्यात लागला होता, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तिला नवल वाटलं नाही. माझ्या खोट्याला तिने एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, कारण तीस वर्षं मी त्याला पुरावेच पुरवत आलो होतो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तळेगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या सकाळी फॉर्मवर सही केली आणि खिशातला फोन थरथरला. चार नंबर बंद पडली होती. तिला आत नेल्यावर मी बाहेर बसून काय करणार आहे, असं स्वतःलाच सांगत मी मोटरसायकल काढली. प्रेसवर हात ठेवला, मान वाकडी केली, बेअरिंग गेल्याचं सांगितलं. परत येईपर्यंत तिला बाहेर आणलं होतं. वरच्या ताई तिच्याजवळ उभ्या होत्या.

घरी आणल्यावर तिच्यात एक बदल झाला आणि तो मला बरेच दिवस कळलाच नाही. ती मला हाक मारेनाशी झाली. तिला पाणी हवं असलं तरी ती उशाचा फोन घेऊन वरच्या ताईंना लावायची. मी शेजारच्या खोलीत असताना ताई जिना उतरून यायच्या, तांब्या भरून द्यायच्या आणि जायच्या. मला वाटलं, मी दमतो म्हणून बिचारी माझा विचार करते आहे. एकदा मी म्हटलंही, "अगं, मला सांगायचंस की." ती म्हणाली, "तुमाला कामं असत्यात." बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

ती घरातून निघू शकत नव्हती, म्हणून रविवारच्या वंदनेला विहारात मला पाठवायची. घरातलं कोणीतरी जायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिथे सगळे मिळून पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून पाठ आहे, झोपेतही म्हणता येईल. त्या महिन्यांत चौथं आलं की माझे ओठ हलायचे आणि आवाज बंद व्हायचा. चोराच्या मनात चांदणं. शेजारचा माणूस माझ्याकडेच बघतो आहे असं वाटायचं. एका रविवारी मी ते न म्हणताच उठून बाहेर चपला शोधत बसलो.

तीन महिन्यांनी तपासणीची गाडी आली. माझ्या शॉपमधला एक ऑपरेटर कुरवंड्याहून येतो. घरची शेती आहे, पण शनिवार-रविवारी लोणावळ्यातल्या गाड्यांच्या रांगेतून मोटरसायकल काढत कामाला येण्यातच त्याला मोठेपणा वाटतो. पस्तिशीचा आहे आणि चार नंबरवर त्याच्यासारखा हात कोणाचा नाही. चहाच्या सुटीत तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "भाऊ, औंदा बाई हाय मशिनीवर. पर कोपर दिसतंय, मी बघून आलो."

मी मान हलवली. मग तो जरा घुटमळला. म्हणाला, "कानात रातकिडं वरडत्यात हो दिवसभर. तुमाला बी हुतं का तसं? घरी ल्येक कायतरी सांगत आसती आन् मी नुसता व्हय व्हय करतो. काल रडाय लागली. म्हनली, पप्पा खोटं खोटं व्हय म्हनत्यात."

वर्षभरापूर्वीही त्याने हेच विचारलं होतं, आणि "होतं सगळ्यांना, सवय होते," असं सांगून मी त्याला चार नंबरवर परत पाठवलं होतं. माझ्या नादी लागून हा माणूस माझ्याच मागून खड्ड्यात उतरत होता, आणि त्याची पोर माझ्या बायकोपेक्षा हुशार होती. तिने बोलून तरी दाखवलं.

गाडीत माझा नंबर त्याच्या आधी होता. खोलीत बसलो, हेडफोन घातले. काचेतून ती मुलगी दिसत होती आणि तिचं कोपर अगदी समोर होतं, कोणी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखं. मी डोळे मिटले. सांगतो, तिथे बसून डोळे मिटून ठेवणं मला फार जड गेलं. गेटबाहेर कोणीतरी उभा आहे, माझी जागा मागतो आहे, असं सारखं वाटत होतं.

उजव्या कानात जाड आवाज आले. तीन-चार असतील. मी बटण दाबलं. मग काही नाही. मला वाटलं, ती पुढच्या आवाजाची तयारी करते आहे. वाट बघितली. बटणावरचा अंगठा घामाने निसटायला लागला. मशिन बिघडलं असावं असंही मनात येऊन गेलं. मी तसाच बसून राहिलो. मग तोंडावर गार वारा लागला म्हणून डोळे उघडले, तर ती दार उघडून उभी होती. तिने माझ्या कानावरचे हेडफोन काढले आणि जवळ येऊन मोठ्याने म्हणाली, "काका, झालं."

मी म्हणालो, "डावा कान राहिलाय ना?"

ती म्हणाली, "दोन्ही झाले."

नंतर कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं. गेल्या वर्षीचा कागद आणि या वर्षीचा कागद शेजारी ठेवून ते ताडून बघत होते. मी माझ्यापुरती कोपराची गोष्ट सांगून टाकली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. प्रेस शॉपमधून मला काढलं, डाय स्टोअरला टाकलं. आता जनरल शिफ्ट, साडेपाचला सुटका. पहिले काही दिवस मी मुद्दाम शॉपच्या दारावरून जायचो. माझ्या जागी दुसरा उभा होता. वडिलांचं खरं ठरलं होतं. प्रेस चालू होत्या, माल निघत होता, आणि माझ्यावाचून कोणाचं काही अडलेलं नव्हतं. ते मला फार लागलं. अजूनही कधीकधी लागतं. कामावर जीव लावायचा पण जीव ओवाळून टाकायचा नाही, हे लोकांना सांगणं सोपं आहे. मला पन्नाशीनंतर ते पोराटोरांसारखं शिकावं लागतंय, आणि सुटीच्या दिवशी हात अजून रिपोर्टसाठी फोनकडे जातो. कुरवंड्याच्या ऑपरेटरने त्या दिवशी कोपर बघितलं आणि तो पास झाला. नंतर मी त्याला परोपरीने समजावलं. तो म्हणाला, "भाऊ, तुमचं लेकरू हाताशी आलं. माझं आजून शाळंत जातंय." तो आजही चार नंबरवर आहे. निदान प्लग कानात घालतो. त्याच्याबद्दल मला स्वस्थ वाटत नाही आणि वाटूही नये.

पण त्या दिवसाचं खरं सांगायचं राहिलं. तपासणी झाल्यावर मी डॉक्टरांना सांगून थेट घरी आलो. दुपारचे दोन वाजले असतील. मला भलत्या वेळी दारात बघून बायको घाबरली. ती हॉलमध्ये वॉकर शेजारी ठेवून पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो, म्हणजे तिचे ओठ दिसावेत.

म्हणालो, "त्या रविवारी फोन चालू नव्हता."

तिचा हात शेंगेवर थांबला.

"कुनाचाच नव्हता. मला तुझ्या हाका ऐकू आल्या न्हाईत. माझे कान गेलेत. तीन वर्सं झाली. मी सगळ्यांपासनं लपवलं."

मला वाटलं, आता शिव्या देईल. तीन वर्षं फसवलंत म्हणेल, तुमच्या लपवाछपवीपायी माझा पाय गेला म्हणेल. सगळं ऐकून घ्यायची तयारी करून मी आलो होतो.

तिने सावकाश विचारलं, "येक बी हाक ऐकली न्हाई?"

"न्हाई."

"माझ्या गळ्याची शपथ घ्या."

मी घेतली. तिने मांडीवरचं ताट बाजूला केलं आणि तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. ती काय बोलते ते मला कळेना, म्हणून मी तिचा हात धरून पदर खाली केला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती हसत होती.

"बहिरं झालाय व्हय," ती म्हणाली. "लय बरं झालं. मी समजत हुते, ऐकून बी बसून ऱ्हायला."